दोन लाल, दोन पांढरे

अंधार पडायच्या आधी मल्लिनाथ इंगळगी
होटगी रस्त्याच्या धावपट्टीला येतो,
सायकल लावतो, फडक्याने पुसतो
चार दिव्यांच्या काचा.
मेलेले किडे, ज्वारीची कुसळं,
आमची ती सोलापुरी चिवट धूळ.
त्याची-माझी भेट नाही.
पण आठशे फुटांवर
मी त्याच काचांवर जीव टांगून बसलेली असते.

नियम तसे थोडेच.
धावपट्टी दिसली तरच 'दिसली' म्हणायचं.
दिसल्यासारखी वाटली, ते दिसणं नव्हे.
दिसून पुन्हा हरवली
तर लाजायचं नाही, सांगायचं, वर जायचं.
कॉकपिटमधला उजेड मंद ठेवायचा;
डोळ्याला अंधार कळायला अर्धा तास लागतो,
विसरायला एक मोबाइल पुरतो.
चारही पांढरे, तू फार उंच आहेस.
चारही लाल, तर
इथे शिकवणारे सर थांबायचे,
खडू खाली ठेवायचे.

त्या मंगळवारी समोर शहर लखलखत होतं
पार सात रस्त्यापर्यंत,
आणि शहराच्या अलीकडे, माझ्या नाकाखाली,
तलाव, शेतं, एकही दिवा नसलेलं काळं.
काळ्यावर मोजायला काही नसतं.
डोळा म्हणाला, उंच आहेस, उतर.
इतक्या खात्रीनं म्हणाला
की मी नाक खाली केलंसुद्धा.

दोन लाल, दोन पांढरे.
तीन लाल.
शेजारून हर्डीकर म्हणाला, "तीन लाल, मॅडम,"
चहात साखर किती, असं विचारावं तसं.
चौथा दिवा गुलाबी होत चालला होता.

नान्नांचं भिंग आठवलं.
पितळी, इंचाच्या चौकोनाचं,
अशोक चौकातल्या मागावरून उतरलेल्या
प्रत्येक चादरीवर ते टेकवायचे.
कुणी म्हणालं, राजेशम, झकास विणलंय,
तर वर न बघता म्हणायचे,
झकास नको. मोज.
डोळ्याला सगळंच झकास दिसतं,
धागे त्याला कुठं मोजता येतात.

मी मोजले.
चारातले साडेतीन लाल.
पॉवर. नाक वर. "गो अराउंड."
मागे बासष्ट माणसं, त्यातलं एक मूल रडायला लागलं,
आणि आम्ही उजळलेल्या शहरावरून
एक अख्खा वेढा घातला.
दुसऱ्या खेपेला दोन लाल, दोन पांढरे,
चाकं टेकेपर्यंत
चादरीच्या काठासारखे जागच्या जागी.

घरी पोचले तर नान्ना गच्चीचा जिना उतरत होते,
एक हात कठड्याला.
"आलतीस की खाली. परत वर का गेलीस?
काय विसरलं होतं काय?"
"धागा चुकला होता," म्हटलं.
ते दोन पायऱ्या थांबले.
"उसवलास ना?"
"उसवला."
"मग झालं.
जेवायला बस. आणि ते दार लाव आधी,
किडे येतात उजेडाला."