सव्वाची पिच

रुमालाच्या गाठीत बांधून नेला,
पडलेली दाढ दाखवायला न्यावी तसा.
दहा एमएमचा, मानेपाशी तुटलेला,
इंजिनाच्या माउंटिंगच्या चार बोल्टांतला एक.
गाडी एकशेअठरा एनई,
बनायची बंद झाली तेव्हा माझे केस काळे होते.

इतवारीत हकीमुद्दीनभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला,
बोल्ट नखानं खरवडला, नखाचा वास घेतला.
"दहाचे पोतं भरून आहेत.
पण दीडच्या पिचचे. तुमची सव्वा."
तरी एक आणून लावून पाहिला,
दुपारी, पार्किंगमध्ये पाठीवर झोपून.
दोन आटे गेला अगदी मनापासून,
तिसऱ्याला अडला,
भलत्याच घरी पंगतीत बसल्यासारखा.
जोर केला असता तर गेलाही असता.
जोर करून बसवलेल्याचं पुढं काय होतं
ते मला ठाऊक आहे; सदतीस वर्षं
मी बदल्यांच्या फायली हलवल्या आहेत.

मग सुरू झाला आटापिटा.
(हा शब्द आट्यावरूनच आला असणार,
कोशात काही का असेना.)

कामठी रोडला पार्ट्सवाला मंजीत म्हणाला,
"काका, गाडीच बदला, बोल्ट फुकट देतो."
टेका नाक्याच्या भंगारात
तापल्या लोखंडाच्या ढिगावर एक पोरगा,
डोक्याला ओला दुपट्टा.
मॅटाडोरचे, ट्रॅक्टरचे, कुलरच्या पंख्याचे,
देवळातल्या घंटेचासुद्धा एक.
"सगळं आहे जी, तुमचंच तेवढं नाही."
शेहेचाळीस डिग्री. हातात घेतलेला प्रत्येक बोल्ट
चटका देऊन सांगायचा, मी नाही तो.

पाचपावलीच्या पुलाखाली श्रावणजी हेडाऊंचं लेथ.
मिलमध्ये फिटर होते. मिल गेली, मापं राहिली.
त्यांनी पिच गेजची पानं पंख्यासारखी उघडली,
एकेक आट्यांवर टेकवून उजेडाकडे धरलं.
सव्वाच्या पानामागून उजेड आला नाही.
"हे पाहा. असं बसलं पाहिजे.
मधून ऊनही गेलं नाही पाहिजे."

"एक करून द्या," मी म्हणालो.
"एक काहून? चार करतो."
"तीन चांगले आहेत अजून."
त्यांनी बिडी विझवली.
"साहेब, चौघं एकाच दिवशी लागले असतील न.
तेवढेच धक्के खाल्ले, तेवढंच तेल प्यायले.
हा पहिला तुटला म्हणून हा काही कच्चा नव्हता,
अन् ते तिघं काही पक्के नाहीत."

लेथवरून निळसर कुरळे निघत राहिले,
मी स्टुलावर बसून पाहत राहिलो.
हार्डनिंगला हिंगण्याला जाणार, शुक्रवारी या,
पैसे चौघांचे, घासाघीस नाही.
तुटलेला परत मागितला तर म्हणाले, राहू द्या,
नमुना असलेला बरा, कोणी येईल अजून.
"नागपुरात अशा गाड्या किती उरल्या असतील?"
"तुमची धरून? एक."

रविवारी चारी बसवले.
बोटांनीच फिरत गेले तळापर्यंत,
पाना फक्त शेवटच्या पाव वळणाला.
काढलेले तीन वर्तमानपत्रावर ठेवले.
दिसायला ठणठणीत. एकाच्या मानेवर
केसाएवढी रेघ, नख अडकत होतं.

हात धुतले, काळं नीट निघालं नाही.
तशाच बोटांनी बुरडेला फोन लावला,
मग अमरावतीला किरपानला.
आम्ही चौघं एकाच तारखेला रुजू झालो होतो;
वैरागडेला जाऊन आता नऊ महिने.
"काय रे, काही विशेष?"
"काही नाही. तू बीपीची गोळी घेतोस न वेळेवर?"
तो हसला, खोकला, पुन्हा हसला.

मग खाली जाऊन किल्ली फिरवली.
बॅटरी उतरलेली.