रेटा

ऑक्टोबरात ओढा आटतो, तेव्हा लोर्ना व्हॅन्डरमार्क
रबरी बूट चढवून उतरते,
सेनेका सरोवराच्या वरच्या अंगाला.
तळाला काळा शेल, फरशी घातल्यासारखा.
भेगा इतक्या सरळ
की पाहुणे विचारतात, कुणी कापला?

ती होकायंत्र टेकवते. मी वही धरतो.
"तीनशे चाळीस."
दहा पावलांवर पुन्हा "तीनशे चाळीस."
मग एक "तीनशे अडतीस", आणि ती हसते,
वर्गात कुणी उगाच खोकल्यासारखी.

इथे डोंगर कधी आलाच नाही.
तो उभा राहिला लांब दक्षिणेला,
आफ्रिका येऊन धडकली तेव्हा.
इथवर पोचला नुसता त्याचा रेटा,
खोल गाडलेल्या, वायूने फुगलेल्या चिखलात.
चिखल तोवर दगड झाला होता.
रेटा ज्या दिशेने आला
त्याच दिशेत तो उभा उलला.
उलतानाची पिसासारखी नक्षी
भेगेच्या अंगावर अजून आहे; बोट फिरवलं की कळतं
चीर कुठून निघाली, कुठे दमली.

डोंगर पुढे झिजला. वाळू होऊन वाहून गेला.

लोर्नाचा नवरा एल्ड्रेड जाऊन अकरा वर्षं झाली.
दोन्ही हातांत सरपण, म्हणून तो
स्वयंपाकघराचं दार खांद्याने ढकलायचा.
हे तिने मला सांगितलेलं नाही.
मी कॉफीला जातो, तेव्हा
दार नीट लागत नाही,
आणि सुताराला ती बोलावत नाही.

"लिहितोस ना?" पाण्यातून ती ओरडते.
"तीनशे एक्केचाळीस."