शेवटचं बटण

झेब्राकन्या, अंक चौदा, साल त्र्याहत्तर.
ईसा टाउनच्या जुन्या बाजारात
मिक्सरच्या भांड्यांखाली सापडली, अडीच दिनारला.
पिना गंजलेल्या, कोपरा उंदरानं चाखलेला,
लाल रंग ओठांवरून घसरून गालावर आलेला.
छापखान्यात त्या दिवशी कोणाला तरी घरी जायची घाई होती.

आणि दंडांवर शाई.
मूळ चित्रात ती उघड्या दंडांनी
मगरीच्या जबड्यात भाला खुपसते.
माझ्या प्रतीत तिला बाह्या आहेत,
काळ्या, पार मनगटापर्यंत,
मनगटाशी तीन बटणं.

शुक्रवारी आम्ही एव्हरिस्तोकडे जमतो, गुदेबियात.
एसी अठरावर, चहा पलीकडच्या खोलीत.
चहा आणि पुस्तकं एका खोलीत आणायची नाहीत
एवढा एकच नियम आहे आमचा,
तोही कुरुविला दर आठवड्याला मोडतो.
कप हातात धरूनच तो म्हणाला,
स्पिरिट घे, कापसाचा बोळा घे, शाई निघेल.
खालची बाई मोकळी होईल, किंमत तिप्पट.
एव्हरिस्तो म्हणाला, खालची बाई
जगात हजार जणांकडे असेल.
ही एकच आहे.

मी भिंग धरलं.
बत्तीस वर्षं गोदीत जहाजांचे नकाशे काढले,
उरकलेली रेघ आणि मन लावून ओढलेली रेघ
मला अंधारात बोटानं कळते.
इथं कोपरापाशी कापड दुमडलं होतं.
भाला उचलल्यावर बाही जशी वर सरकते
तशी सरकली होती.
झाका, एवढंच सांगितलेल्या माणसाला
चुण्या कशाला लागतात?

रमजानच्या आधीच्या शुक्रवारी
जासिम आपल्या मामांना घेऊन आला.
हाजी मकी. बाहेरून येणारी मासिकं जिथं उघडली जात
त्या कचेरीत एकोणीस वर्षं.
चष्मा कपाळावर, हात मांडीवर;
पुस्तक पुढं केलं तर आधी हात धुवायला गेले.
मग पान उलटून, जुन्या बहरीनींना येते तसल्या हिंदीत म्हणाले,
ये आस्तीन मैंने सिया.
काढली नव्हे. शिवली.

पहिल्या वर्षी नुसता ब्रश फिरवायचो, म्हणाले.
दिवसाला दोनशे बायका. रात्री डोळे मिटले
की काळे चौकोन दिसायचे.
आई मुहर्रकमध्ये कपडे शिवायची,
तिचं माप मला पाठ होतं.
एकदा एकीला बाही घातली, गंमत म्हणून.
साहेबांनी काही म्हटलं नाही. झाकलं होतं ना.
मग कफ आले, मग बटणं.
सही करायची सोय नव्हती,
म्हणून शेवटचं बटण उघडं ठेवायचो.

कुरुविला चहा प्यायचा थांबला.
आम्ही सगळे खाली वाकलो, चार टाळकी एका मनगटावर.
दोन बटणं काजात.
तिसरं बाहेर, अर्धा मिलिमीटर.

माझ्या नकाशांवर खाली उजवीकडे एक चौकट असायची,
त्यात दोन आद्याक्षरं, तीही साहेबांच्या मोठ्या सहीखाली.
ती जहाजं केव्हाच भंगारात गेली.
हे मी कोणाला सांगितलं नाही.
हाजींना खजूर दिला, त्यांनी बी रुमालात बांधून घेतली.

घरी येऊन रात्री सगळे डबे उपसले.
प्लास्टिकच्या पिशव्या, सिलिकाच्या पुड्या, कसरीची भोकं.
बायको दारातून बघून गेली, काही बोलली नाही.
पहाटेपर्यंत एकवीस मनगटं तपासली.
सतरांवर उघडं बटण.
तिघींच्या बाह्या सरळ ब्रशाच्या, पहिल्या वर्षातल्या असतील.

आणि एक, अंक नऊ,
चुणी तीच, कफ तोच, हात निःसंशय त्यांचाच,
पण तिन्ही बटणं लावलेली.

त्या दिवशी साहेब मागं उभा असेल.
किंवा आई गेली असेल.
पुढच्या शुक्रवारी विचारायचं ठरवलंय,
विचारीनच असं नाही.