खालचा कप्पा

फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात,
जिथे एरवी सांबार आणि कढीपत्ता सुकत पडायचे,
तिथे आता मुरमुऱ्या राहतो.
आइस्क्रीमचा डबा, दोन लिटर पाणी,
झाकणाला तापल्या सुईने पाडलेली सात भोकं.

उजवा पुढचा पाय कोपरापासून नाही.
टाकीतल्या दुसऱ्याने नेला. भूक असेल,
किंवा त्याला तो गांडूळ वाटला असेल.
निहिराने विचारलं, आई, तो रडत का नाही?
त्याला पापण्याच नाहीत, मी म्हटलं.
हे काही उत्तर नव्हतं.

बाहेर सेहेचाळीस.
नंदनवनच्या रस्त्यावर डांबर चपलेला सोडत नाही,
कूलर ओली वाफ फेकतो,
आणि घरात एकजण आठ अंशांवर,
कल्ल्यांचे गुलाबी पिसारे पसरून,
कशाचीच घाई नसल्यासारखा.

सेमिनरी हिल्सला जनावरांच्या दवाखान्यात
आमच्या आधी एक बोकड होता.
डॉक्टर डब्यात बराच वेळ वाकून बघत राहिले.
"खरं सांगू? याला मी पहिल्यांदाच भेटतोय.
हात लावू नका. थंड ठेवा. पाणी रोज बदला.
बाकीचं तो करेल."
फी घेतली नाही. बोकडवाल्याने विचारलं,
"काय खाते जी हे?"

पाणी आदल्या रात्रीच भरायचं, क्लोरीन मारणारे थेंब मोजून,
तेही फ्रिजमध्येच, ताकाच्या बाजूला.
वळणावरच्या जंगली बदामाचं गळलेलं पान धुऊन आत सोडायचं,
पाणी फिक्या चहासारखं होतं.
बाबा दारात उभे, उजवा हात नेहमीसारखा खिशात.
"दह्याच्या खाली पाल ठेवता काय?
तितरमारेबाईला समजलं
तर आपल्या घरचं विरजण नेणार नाही ते."

चौथ्या दिवशी थोटकावर पांढरे तंतू दिसले.
बाबांनी चष्मा कपाळावर ढकलला,
नाक डब्याला टेकेल इतके वाकले.
"कापूस धरला ह्यानं," म्हणाले.
चौतीस वर्षं हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये काढलेला माणूस,
त्यांना नाव विचारावं लागलं नाही.

मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ.
मी मोबाइलवर वेळ लावायची,
बाबा ओठांतल्या ओठांत आकडे मोजायचे,
आणि नवव्यालाच म्हणायचे,
"काढ वं आता. पुरे झालं."

मग ती रात्र. दीडला लाइट गेली,
चारला मी उठले तर स्वयंपाकघरात बाबा,
अंगात बनियन, समोर मेणबत्ती,
डब्याला ओलं गोणपाट गुंडाळलेलं, माठाला गुंडाळतात तसं,
आणि लग्नपत्रिकेने वारा घालणं चाललेलं.
कोणाच्या लग्नाची ते मी विचारलं नाही.
"झोप तू. हा जागा आहे. मी बी जागाच आहो."

जूनच्या शेवटी कोंब आला,
मटकीला येतो तेवढाच, आरपार दिसणारा.
निहिरा रोज पट्टी घेऊन बसायची,
पट्टी डब्याच्या बाहेर, जीव आत,
त्यामुळे माप रोज वेगळं यायचं.

बोटं फुटली तेव्हा तिने मोजली. चार.
पुन्हा मोजली. चार.
"एक कमी आलं," म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.
मी डावीकडचा पाय दाखवला.
तिथेही चारच. पुढच्याला चारच असतात, गं,
मागच्याला पाच.

बाबांनी खिशातला हात काढला,
ओट्यावर, डब्याशेजारी, सरळ पसरला.
मला आठवत नाही त्यांनी तो कधी असा ठेवला होता.
करंगळीच्या अलीकडे मोकळी जागा,
जिनिंगच्या पट्ट्याने गुळगुळीत करून दिलेली.
"पाह्य," नातीला म्हणाले,
"माहा बी पुढचाच हाय."

निहिराने दोन्हीकडे नीट मोजून पाहिलं
आणि मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी.

त्या दिवशी दही फार आंबट लागलं.
विरजण बाबांनी लावलं होतं. कोणी काही बोललं नाही.