निरंक

पाषाणला टेकडीच्या पायथ्याशी आमच्या रायफल क्लबची
पत्र्याची खोली आहे, रेंजपासून मोजून साठ पावलं.
किल्ली माझ्याकडे. अकरा वर्षं.
रिक्षावाल्याला एकदा सांगितलं, दारूच्या कोठारावर असते,
तर म्हणाला, मग काय मावशी, मजा आहे.
मजा आहेच.
आत दिवा नाही, शेगडी नाही, कॅलेंडरसुद्धा नाही,
खिळा ठोकायला मनाई आहे.

दाराशी तांब्याची पट्टी, खाली जमिनीत गाडलेली.
आधी तिला हात लावायचा, मग आत पाऊल.
देवळात घंटेला लावतात तसा,
फक्त हिचा कधी आवाज होऊ नये.
जानेवारीत हवा इतकी कोरडी
की नायलॉनचा स्वेटर काढताना केसांत तडतड होते,
म्हणून मी सुती साडीवर वडिलांचा मांजरपाटाचा डगला घालते
आणि कुडकुडते.

खांबेटे सेक्रेटरी दर हिवाळ्यात विचारतात,
शालनबाई, गारठ्यानं माल खराब नाही ना होणार?
नाही होत. थंडीला ती भीत नाही.
भिते घालमेलीला,
दुपारी पत्रा तापतो, पहाटे निवतो,
आणि नीट न लागलेल्या झाकणाखाली घाम धरतो.
म्हणून छताखाली बांबूची चटई, पत्र्यावर चुना,
फळ्यांखाली विटा.
मग ते म्हणाले, गवत कापायच्या मशीनचं पेट्रोल
कोपऱ्यात राहील का? आणि नातवाचे उरलेले फटाके,
थोडेच आहेत.
मी काही बोलले नाही. किल्ली पदराला बांधली.

वडील खडकीच्या कारखान्यात, बत्तीस वर्षं.
घरी काडेपेटी आणि रॉकेल वेगवेगळ्या खोल्यांत असायचं,
आणि खोल्या आमच्याकडे दोनच होत्या.
ते सांगायचे:
कॅपा या भिंतीला, दारू त्या भिंतीला,
दोघांची सोयरीक काडतुसातच व्हावी,
एरवी तोंड बघायचं नाही.
ज्या डब्यात आली त्याच डब्यात राहू दे,
बरणीत ओतायला ते लोणचं नव्हे.
कपाट लाकडाचं, जरा सैलच.
घट्ट लोखंडी पेटी चोराला अडवेल,
पण आग लागली तर पेटीचाच बॉम्ब होईल.
लाकूड वेळेवर हार मानतं.
हार मानणारं काहीतरी घरात असावं, म्हणायचे.
आईकडे बघून म्हणायचे का, ते आठवत नाही.

दर सोमवारी झाकण उघडून वास घेते.
चांगल्या दारूला दवाखान्यासारखा वास येतो.
बिघडली की आंबूस,
आणि वर गंजासारखी तांबूस भुकटी.
मागच्या दसऱ्याच्या सुमारास एका जुन्या डब्यात तशी दिसली.
डबा तिथंच ठेवला, दार उघडं टाकलं, बाहेर आले.
साठ पावलं एवढी लांब कधी नव्हती.
फोनवर पहिल्या वाक्याला आवाज कापला, दुसऱ्याला नाही.
साहेब आले, जाणती माणसं आली, डबा गेला.
रजिस्टरात दोन ओळी झाल्या,
अकरा वर्षांतल्या तेवढ्याच.

बाकी पानोपानी तारीख, तापमान, दमटपणा,
आणि शेऱ्याच्या रकान्यात
निरंक. निरंक. निरंक.
मुलगी चाळून हसली. म्हणाली, आई, हे तुझं आत्मचरित्र.
हसू दे. तिला काय माहीत
एकेक निरंक किती वेळा वाकून, हुंगून,
किती विटा सरकवून येतो ते.

आज पहाटे अकरा अंश.
चार नंबरच्या डब्यामागे, टॉर्चच्या उजेडात,
पालीची दोन अंडी. शर्टाच्या बटणाएवढी, पांढरी.
पाल कुठं दिसली नाही.
तिनं जागा बघूनच निवडली असणार,
कोरडी, अंधारी, कुणी आपटत नाही, कुणी ओढत नाही.

शेऱ्यात लिहिलं: अंडी दोन. हलवलेली नाहीत.
तपासणीला साहेब लाल पेनानं खोडतील.
कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं.