विसावी पिन

लॅपटॉप जुना. अशोक चौकातल्या ओळखीच्या दुकानातून
साडेसहा हजारांना, एक बिजागरी सैल.
त्यावर लिनक्स टाकलं
आणि रात्री साडेदहाला लक्षात आलं,
वरच्या कोपऱ्यात वायफायची खूणच नाही.
पुसट नाही, फुली मारलेली नाही.
जागाच रिकामी.

मे महिना. पत्र्याखाली पंखा
गरम हवा या भिंतीवरून उचलून त्या भिंतीवर ठेवायचा.
अप्पा दारात, बनियनवर.
"काय करायलास बे?"
"कार्ड बघायलोय."

एलएसपीसीआय म्हणालं, कार्ड आहे.
नाव, कंपनी, नंबर, सगळं आहे.
डीमेसेज म्हणालं, फर्मवेअर सापडत नाही.
नेट लागायला फर्मवेअर हवं
आणि फर्मवेअर आणायला नेट.
माझा रिचार्ज संपलेला. शेजारच्या म्याकलला उठवून
त्याच्या फोनला केबल जोडली.
त्यानं तीनदा विचारलं, किती एमबी जातील?
अकरा, म्हटलं.
अकराच गेले, तरी तो शेवटपर्यंत उभा होता.

मॉड्यूल काढलं, घातलं.
काढलं, घातलं.
मग आरएफकिल:
सॉफ्ट ब्लॉक, नाही.
हार्ड ब्लॉक, होय.
म्हणजे आतून कितीही ढकला, कडी बाहेरून आहे.
बाजूचं बटण सरकवलं, आधी नखानं,
मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं.
बटण हलत होतं. बटणामागं काही हलत नव्हतं.
आधीचा मालक कोण होता देव जाणे,
जाताना बंद करून गेला.

दीड वाजता सात स्क्रू काढले,
दोन केसासारख्या वायरी सोडवल्या
आणि कार्ड तळहातावर घेतलं. काड्यापेटीपेक्षा लहान.

अप्पा आत आले. चष्मा लावला.
एकवीस वर्षं जेकार्डच्या पंचिंगला.
चादरीवरचा मोर आधी त्यांच्या पुठ्ठ्यावर
भोकं होऊन उतरायचा.
"हे कार्ड?
मग भोकं कुठायत?"

भोकं नसतात, म्हटलं. या सोनेरी पट्ट्या.
दोन्ही बाजू मिळून बावन्न.
त्यातल्या विसाव्या पट्टीला बोर्ड सांगतो, गप बस,
आणि अख्खं कार्ड गप बसतं.

अप्पा जरा थांबले.
"मग तेवढी बुजव की.
चुकीचं भोक पडलं म्हणून
कार्ड कोण फेकून देतंय?
टिकलीएवढा कागद डकवायचा.
सुई अडते. मोराचा डोळा परत जागेवर."

सेलोटेप होता, शाळेच्या वह्यांचा उरलेला.
अप्पांनी दाढीच्या ब्लेडनं पट्टी कापली
आणि मोजायला लागले. मोजताना ते तेलुगूत जातात.
या बाजूला नुसते सम आकडे, म्हणून दहावी.
ओकटी, रेंडू, मूडू,
आठव्यानंतर खाच,
तोम्मिदी, पदी.
पहिला तुकडा अठराव्या पिनेवरही चढला.
काढला. दुसरा बोटालाच चिकटला.
तिसऱ्याला त्यांनी श्वास धरला, मीही धरला,
पंखा मात्र फिरत राहिला.

सगळं परत बसवलं. एक स्क्रू उरला.
चालू केलं.
कोपऱ्यात ती खूण, आणि तिच्याखाली एकेक नाव:
बोद्धुल होम. टॉवेलवाला टू जी.
पासवर्ड मागू नये.
अन्नलदास वरचा मजला. प्रत्येकापुढं कुलूप.
एकाचाही पासवर्ड माझ्याकडे नाही.

"लागलं?"
"दिसायलेत."

अप्पा वाकले. सगळ्यात खाली,
एकच काडी रेंज असलेलं:
गुर्रम चादर ऑफिस.
ते त्यांनी दोनदा वाचलं, बोट स्क्रीनला न लावता.
"हे तर बंद झालं ना रे?"
"माग बंद झाले. राउटर कुणी काढला नसेल."

ते काही बोलले नाहीत.
उरलेला स्क्रू चुन्याच्या डबीच्या झाकणात ठेवला,
सेलोटेपचं टोक नखानं शोधलं,
दुमडून ठेवलं,
पुढच्या वेळी सापडावं म्हणून.