सिंकखालचं कपाट

वॉलरूच्या धक्क्याजवळ, पत्र्याच्या छपराखाली,
ग्लेनिस प्राउजच्या स्वयंपाकघरात सिंकखाली एक कपाट आहे.
ओव्हनचा फवारा, तुंबलेली मोरी मोकळी करणारं ॲसिड,
डांबराच्या गोळ्या, मुंग्यांचं औषध,
गुलाबी टोपणाचं ब्लीच.
सगळं पावाबरोबर एकाच पिशवीत आलेलं.
कुणी वय विचारलं नाही.

बत्तीस वर्षं तिनं शाळेचे संडास धुतले.
खिडकी रंगानं चिकटलेली, दार ओढून घेतलेलं.
एकदा दोन बाटल्या एकाच बादलीत ओतल्या
आणि गुडघ्यांवर रांगत बाहेर आली.
इशारा होता म्हणे, बाटलीच्या पाठीवर,
मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत.
चष्मा घरी होता.

आता सिगारेट सुटावी म्हणून ती वाफ ओढते.
त्यासाठी फार्मसीच्या काउंटरपाशी उभं राहायचं,
तिलिनी नावाची मुलगी खाल मानेनं कागद वाचते:
दम लागतो का? हृदयाचं काही? गरोदर आहात?
सदुसष्ट वर्षांची ग्लेनिस हसते,
मग बराच वेळ खोकते.

डॉक्टर विचारतात, दिवसाला किती ओढायचात?
दिवसाला किती संडास, हे कुणी विचारत नाही.
तिला दोन्ही आकडे पाठ आहेत.

मंगळवारी कपडे धुताना नातवाच्या मोज्यात सापडली,
निळी, हायलायटरएवढी,
कलिंगडाच्या वासाची. त्या वासानं
तिच्या तोंडाला पाणी सुटलं, याचीच तिला जास्त भीती वाटली.
टली चौदाचा. कुठून आणलीस?
त्यानं खांदे उडवले.
नॅन, तूसुद्धा ओढतेस की.

त्या क्षणी ग्लेनिसला कायदा हवा होता,
कडक, कड्याकुलपांचा, दारात शिपाई उभा असलेला.
त्याच सकाळी, फार्मसीच्या रांगेत,
तिनं त्याच कायद्याचा उद्धार केला होता,
पुढच्या बाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

ती कुठे टाकावी कळेना. कचऱ्यात नको, बॅटरी असते म्हणतात.
मग ठेवली सिंकखाली, ॲसिडच्या मागे,
आणि पांढरा प्लॅस्टिकचा चाप खटकन लावला.

तो चाप टली दोन वर्षांचा असताना बसवलेला,
लहान मुलांना उघडता येऊ नये असा.
घरात तो सगळ्यात आधी उघडला होता टलीनंच.
ग्लेनिसला अजूनही
नख मोडल्याशिवाय उघडत नाही.